बोटीवरच्या गीझरमधून तपकिरी पाणी येते: टाकी बदलावी की अ‍ॅनोड?

हॅम्बलकाठी

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीतील एका मरिनामध्ये (बोटी बांधून ठेवण्याच्या छोट्या बंदरात) माझी 34 फुटी, फायबरग्लासची जुनी शिडाची बोट असते. दोन वर्षांपूर्वी ती विकत घेतल्यापासून शिडे, दोर आणि इंजिन यांची मी बऱ्यापैकी निगा राखली. परंतु कॉकपिटमधील सामानाच्या कप्प्याखाली बसवलेली पाणी तापवण्याची टाकी बिनतक्रार गरम पाणी देत होती, तोवर तिच्याकडे एकदाही वाकून पाहिले नाही. टाकी 40 लिटरची आहे. इंजिन चालू असताना त्याचे गरम कूलंट टाकीतल्या कॉइलमधून फिरते आणि पाणी तापते. मरिनात असताना धक्क्यावरून घेतलेल्या 230 व्होल्टच्या विजेवर 1 किलोवॉटचे एलिमेंट चालते.

आता तक्रारी सांगतो. सकाळी गरम पाण्याचा नळ उघडला की पहिला तांब्याभर पाणी तपकिरी येते आणि तळाशी बारीक कण बसतात. थंड पाण्याचा नळ मात्र अगदी स्वच्छ आहे. दोन-तीन आठवड्यांनी बोटीवर गेलो तर गरम पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. इंजिन तासभर चालले की सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी ठिबकू लागते. शिवाय टाकीखाली, बोटीच्या तळाशी, नेहमी थोडे पाणी साचलेले असते आणि टाकीच्या बाहेरच्या पत्र्याची खालची कड गंजून पापुद्रे सुटले आहेत.

शेजारच्या बोटीचे मालक म्हणाले की बोटीच्या तळाला स्वतः झिजून दुसऱ्या धातूला वाचवणारा, जस्ताचा आणखी एक अ‍ॅनोड लावा, गंज थांबेल. इथल्या एका मेकॅनिकने टाकी न उघडताच नवीन टाकीचा खर्च सांगितला. दोन्ही सल्ले माझ्या गळी उतरत नाहीत. ज्यांना या कामाचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सांगावे की तपासणीला सुरुवात कोठून करावी.

निवृत्त_चीफ

आपण टाकीच्या चार तक्रारी सांगितल्या, पण टाकी कशाची आहे हे सांगितले नाही, आणि सगळा निर्णय तिथेच अडतो. लहान बोटींवर साधारणपणे तीन प्रकारच्या टाक्या आढळतात: आतून काचेचा लेप दिलेली पोलादी, स्टेनलेस स्टीलची, आणि तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. बाहेरच्या पत्र्यावर जाऊ नका, तो नुसता झगा असतो. टाकीवरची निर्मात्याची पट्टी वाचा. गरम पाणी तपकिरी आणि थंड पाणी स्वच्छ, या एका लक्षणावरून माझा अंदाज आहे की आपली टाकी पोलादी असून तिच्यातला अ‍ॅनोड संपलेला आहे.

घरात पूर्वी इनॅमलची पांढरी ताटे आणि मग असत, ते आठवा. जोवर लेप अखंड, तोवर ताट नवे. एकदा हातून पडून टवका उडाला की त्या काळ्या ठिपक्यापासून गंज सुरू होई. टाकीचेही तसेच आहे. काचेचा लेप कितीही चांगला असला तरी जोडांपाशी आणि छिद्रांच्या कडांना सुईच्या टोकाएवढ्या उघड्या जागा राहतात, आणि सगळा गंज त्या ठिपक्यांत एकवटतो. म्हणून टाकीत मॅग्नेशियमची कांडी, म्हणजेच अ‍ॅनोड, बसवतात. पाण्यात एकत्र जोडलेल्या दोन धातूंपैकी जो अधिक सहज विरघळतो तो स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. मॅग्नेशियम पोलादापेक्षा पुष्कळच सहज विरघळते. कांडी संपली की ठिपक्यांची पाळी येते.

हे तत्त्व जहाजांवरच सिद्ध झाले. हंफ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. त्यासाठी वापरलेले ‘समारंग’ हे जहाज आपल्याकडे कोचीला सागवानात बांधलेले होते. पत्रे वाचले, पण तांबे विरघळेनासे झाल्यामुळे तळावर शंख-शिंपले मात्र भरपूर वाढले.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याविषयी. अ‍ॅनोड आणि ज्याला वाचवायचे तो धातू हे दोन्ही एकाच पाण्यात बुडालेले असावे लागतात. बोटीच्या तळाचा अ‍ॅनोड समुद्राच्या पाण्यात आहे आणि आपली टाकी आतून पिण्याच्या पाण्याने भरलेली आहे. ही दोन पाणी एकमेकांना कोठेच भेटत नाहीत. तळाला दहा अ‍ॅनोड लावले तरी टाकीच्या आतल्या गंजाला त्याची खबरही लागणार नाही. दुसरे असे की टाकीत जस्ताची साधी कांडी घालण्याचा मोह टाळावा, कारण सुमारे 60 अंशांच्या वर काही प्रकारच्या गोड्या पाण्यात जस्त आणि पोलाद यांच्या भूमिका उलटतात, आणि ज्याला वाचवायचे तोच झिजू लागतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो ही बहुधा तक्रारच नाही. 15 अंशांचे 40 लिटर पाणी इंजिनच्या उष्णतेने 80 अंशांवर गेले की ते एक लिटरहून थोडे अधिक फुगते. थंड पाण्याच्या वाटेवर एकदिशा व्हॉल्व्ह असल्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही, मग सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून बाहेर पडते. आमच्या आजीच्या तांब्याच्या बंबाला असला व्हॉल्व्ह नव्हता, कारण तो वरून उघडाच असे. आपली टाकी बंद आहे, म्हणून ते ठिबकणे थांबवण्यासाठी कोणीही त्या नळीला बूच मारण्याचा सल्ला दिला तर कृपया ऐकू नये. हवेची पिशवी असलेली छोटी प्रसरण-टाकी एकदिशा व्हॉल्व्ह आणि गरम पाण्याची टाकी यांच्यामध्ये बसवली की ठिबकणे थांबेल. मात्र इंजिन थंड असताना आणि टाकी गार असतानाही व्हॉल्व्ह गळत असेल, तर त्याच्या बैठकीत क्षाराचा कण अडकला आहे असे समजावे. व्हॉल्व्हचे टोपण दोन-तीनदा फिरवून पाणी जोराने सोडले की तो बहुतेक वेळा निघून जातो, नाही तर व्हॉल्व्ह बदलावा.

मांडवीतीर

चीफसाहेबांचे म्हणणे पटले, पण स्टेनलेसच्या टाकीविषयी एक अनुभव सांगतो, कारण पुढे टाकी बदलायची वेळ आली तर ‘स्टेनलेस घ्या, कटकट मिटेल’ असे सांगणारे अनेक भेटतील.

मी गोव्यात पर्यटकांची एक मोठी बोट सांभाळतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही एका कारागिराकडून स्टेनलेसची टाकी बनवून घेतली. उन्हाळ्यात टँकरचे पाणी मिळेल तसे भरत होतो. नदीकाठच्या विहिरींचे ते पाणी एप्रिल-मेमध्ये चवीलाही मचूळ लागते. तिसऱ्या वर्षी टाकी वेल्डच्या बाजूने गळू लागली. गंज म्हणावा तर कोठेच नाही, पत्रा चकचकीत. फक्त वेल्डला समांतर केसाएवढी भेग, आणि तिच्यावर पाण्याचा मण्यांसारखा एक-एक थेंब उमटे. स्टेनलेसचे दुखणे हेच आहे. पाण्यातले क्लोराइड, उष्णता आणि वेल्डिंगमुळे पत्र्यात राहिलेला ताण या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो वरवर शाबूत दिसतो आणि आतून चिरत जातो. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात. माणसाला ते चालते. 70-80 अंशांच्या स्टेनलेसच्या टाकीला 1000 हा आकडा सुखाचा नाही. आता मी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) लावल्याशिवाय टँकरवाल्याला नळी जोडू देत नाही.

दुसरी गोष्ट पितळेच्या जोडांची. पोलादी टाकीच्या तोंडात साधे पितळ थेट बसवले तर आट्यांपाशी पोलाद गंजते, आणि खारट, गरम पाण्यात खुद्द पितळातले जस्त निघून जाते. ओळखायची खूण सोपी आहे: पितळ पिवळे न राहता गुलाबी, तांबूस दिसू लागते आणि नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडले तर भुसभुशीत लागते. असा जोड हाताने पिळला तरी तुटतो. आमचा एक चालत्या बोटीवर तुटला होता आणि पंपाने सगळी पाण्याची टाकी अर्ध्या तासात तळाशी रिकामी केली. जोड गनमेटलचे किंवा जस्त-क्षरण न होणाऱ्या पितळेचे घ्यावेत, आणि टाकीच्या तोंडाशी प्लास्टिकचे अस्तर असलेला तुकडा मध्ये घालावा.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, आमची बोट बंद असते. तेव्हा टाकी एक तर पूर्ण भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करून, झाकण उघडे ठेवून कोरडी करावी. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट, कारण पाण्याची रेघ जिथे येते तिथे हवा आणि ओल दोन्ही मिळतात. रिकामी केली तर एलिमेंटच्या बटणावर चिकटपट्टी लावून ‘पाणी नाही’ असे लिहावे. कोरड्या टाकीत एलिमेंट चालू झाले तर ते काही मिनिटांत जळते. हे मी एका उत्साही खलाशाकडून शिकलो आहे.

ओहमचा_नियम

मी मुंबईत बोटींच्या विजेची कामे करतो. टाकीच्या आतल्या गंजाबद्दल वर सांगितलेले योग्यच आहे. पण मरिनातल्या बोटीच्या बाबतीत विजेची बाजू सोडून चालणार नाही.

धक्क्यावरची वीज घेताना तिच्याबरोबर अर्थिंगची हिरवी-पिवळी तारही बोटीत येते, आणि तीच तार शेजारच्या सर्व बोटींनाही जोडलेली असते. त्यामुळे आपला पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा, शेजाऱ्याचा पंखा आणि पलीकडच्या पोलादी बोटीचा तळ, हे सगळे एकाच खाऱ्या पाण्यात असल्यामुळे, एका मोठ्या बॅटरीचे भाग बनतात, आणि ज्याचा धातू सर्वांत दुबळा त्याचा अ‍ॅनोड सर्वांसाठी झिजतो. शेजाऱ्यांना आपल्या तळाचे अ‍ॅनोड लवकर संपताना दिसले असतील, म्हणून त्यांनी जस्ताचा सल्ला दिला असावा. त्यावरचा उपाय म्हणजे अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवणे. त्यातले डायोड सुमारे 1.2 व्होल्टपर्यंतचा हा बारीक प्रवाह अडवतात आणि बिघाडाच्या वेळी मोठा प्रवाह मात्र जाऊ देतात. अर्थिंगची तारच तोडून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसे केल्यास एलिमेंट फुटल्यावर टाकीला, नळाला आणि नळाखाली हात धरणाऱ्याला पूर्ण 230 व्होल्ट लागू शकतात.

एलिमेंटची तपासणीही करावी. हॅम्पशरचे पाणी चुनखडीच्या थरातून येते, ते जड आहे. एलिमेंटवर पांढरा थर जाडसर बसतो, मग आतली तार अधिक तापते आणि आवरणाला चीर जाते. धक्क्याचा प्लग काढून, एलिमेंटच्या तारा सोडवून, मेगरने (विजेची गळती तपासणाऱ्या मीटरने) 500 व्होल्टवर एलिमेंट आणि टाकी यांच्यामधला रोध मोजावा. तो एक मेगोहमच्याही खाली आला तर एलिमेंट बदलावे. 30 मिलिअँपिअरचा आरसीडी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) अधूनमधून कारणाशिवाय पडत असेल तर मेगर मागवायच्या आधीच उत्तर मिळाले असे समजावे.

एक प्रश्न हॅम्बलकाठी यांना विचारायचा राहिला. टाकीखाली साचणारे पाणी कोणते आहे? गोडे, खारे, की कूलंट? तिन्हींचा अर्थ वेगवेगळा आहे.

हॅम्बलकाठी

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी दिवसभर टाकीपाशी बसून होतो. जे दिसले ते लिहितो.

पट्टीवरून टाकी काचेचा लेप दिलेली पोलादी आहे हे ठरले. धक्क्याचा प्लग काढला, टाकी रात्रभर गार होऊ दिली, पंप बंद करून नळ उघडून दाब सोडला आणि अ‍ॅनोडचे षटकोनी डोके पान्याने सोडवायला घेतले. ते सहज सुटेना. अखेर पान्याला लांब नळी लावून, दुसऱ्या हाताने टाकी धरून, जोर लावल्यावर ‘कट्’ असा आवाज झाला आणि ते फिरले. क्षणभर मला वाटले की टाकीच फुटली. बाहेर आली ती कांडी नव्हतीच. डोक्याला चिकटलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा खड्डे पडलेला अंगठ्याएवढा राखाडी तुकडा आणि त्यापुढे उघडी, गंजलेली वीतभर तार. ही टाकी किती वर्षे अ‍ॅनोडशिवाय चालली असेल, देव जाणे.

खालच्या तोटीतून पाणी सोडले तर बादलीच्या तळाशी गंजाचा गाळ आणि चुन्याच्या कवच्या मिळून दोन मुठी निघाल्या. तीन वेळा धुतल्यावर पाणी स्वच्छ आले.

टाकीखालच्या पाण्यासाठी, भारतातून येताना आईने आग्रहाने दिलेला टीडीएस मीटर कामी आला. मरिनाच्या नळाचे पाणी 340 दाखवते. टाकीखालचे पाणी मीटरच्या पल्ल्याबाहेर गेले. रंग कोणताच नव्हता, म्हणजे कूलंट नाही. मग कप्प्याच्या झाकणावर नळीने पाणी मारून खाली टॉर्च धरला: झाकणाची रबरी पट्टी एका कोपऱ्यात चपटी झाली आहे आणि तिथून आलेले पाणी वाकड्या वाटेने नेमके टाकीच्या झग्यावर पडते. लाटा अंगावर येतात तेव्हा तिथे समुद्राचेच पाणी पडत असणार. झग्याची खालची कड उचलून पाहिली तर आतला फोम स्पंजासारखा ओला होता.

आता प्रश्न असा की नवा अ‍ॅनोड घालून ही टाकी चालवावी का? आणि वासाचे काय करावे?

निवृत्त_चीफ

आपण काम नीट केले आहे. आत अ‍ॅनोड संपला म्हणून, आणि बाहेर खारे पाणी फोममध्ये मुरले म्हणून, अशा दोन वेगवेगळ्या कारणांनी एकच टाकी गंजली. बाहेरचा गंज अधिक धोक्याचा. ओला फोम म्हणजे टाकीला गुंडाळलेले मिठाचे पोटीस. टाकी रोज तापते, पाणी उडून जाते, मीठ मात्र तिथेच राहून वाढत जाते. अ‍ॅनोड आतल्या पाण्यात असल्यामुळे या बाजूला त्याचा काहीही उपयोग नाही.

झग्याचा खालचा पत्रा कापून ओला फोम काढा आणि टाकीचा उघडा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून पाहा. वरवरचा लाल गंज निघून खाली सलग धातू दिसला, तर प्रायमर लावून, कोरडे आच्छादन घालून टाकी वापरता येईल. खड्डे दिसले आणि विशेषतः ते तळाच्या वेल्डजवळ असले, तर टाकीवर आणखी पैसे घालू नका. ती दाबाखालची वस्तू आहे. तिच्यावर इपॉक्सीचे ठिगळ लावू नये.

वास येतो तो सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंमुळे. कोमट, न हलणारे पाणी त्यांना मानवते, आणि मॅग्नेशियमच्या कांडीपाशी तयार होणारा हायड्रोजनही त्यांच्या उपयोगी पडतो. पाच टक्क्यांचे, सुगंध नसलेले ब्लीच लिटरला एक मिलिलिटर या मापाने, म्हणजे 40 लिटरला 40 मिलिलिटर, घालून प्रत्येक नळातून त्याचा वास येईपर्यंत पाणी सोडावे, काही तास थांबावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. त्यानंतर प्रत्येक मुक्कामात एकदा तरी पाणी 60 अंशांवर नेऊन ठेवावे. 20 ते 45 अंशांत लिजनेला हे फुप्फुसाचा गंभीर आजार घडवणारे जिवाणूही वाढतात. नळापाशी गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारा मिसळ-व्हॉल्व्ह नसेल तर तो बसवावा, कारण इंजिनने तापलेल्या पाण्याने हात भाजतो. एवढे करूनही वास परतला तर मॅग्नेशियमऐवजी अ‍ॅल्युमिनियम-जस्त मिश्रधातूची कांडी वापरावी.

नवी कांडी बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप दोन वेढ्यांहून जास्त घेऊ नये. बसवल्यावर, पाणी भरण्याआधी, कांडीचे डोके आणि टाकी यांच्यामध्ये मल्टिमीटरने रोध मोजावा. तो शून्याजवळ आला पाहिजे. टेपने संपर्क तुटला तर कांडी नुसतीच पाण्यात लोंबकळत राहील आणि पुढच्या वर्षी ती अगदी नव्यासारखी बाहेर आलेली पाहून आपल्याला उगाच आनंद होईल.

मांडवीतीर

एक पुरवणी. टाकीतली कॉइल फुटली आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. नळाच्या पाण्याचा दाब दोन-तीन बार असतो आणि कूलंटचा त्याहून बराच कमी, म्हणून पंप चालू असताना गोडे पाणी कॉइलमध्ये शिरते आणि इंजिनच्या कूलंटची पातळी आपोआप वाढते. कूलंट कमी होण्याकडे सगळे लक्ष ठेवतात, वाढण्याकडे कोणी पाहत नाही. पंप बंद करून नळ उघडला की प्रवाह उलटा होतो आणि कूलंट नळाच्या पाण्यात येऊ शकते; त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, तेव्हा शंका असल्यास चव घेऊन पाहण्याचा प्रश्नच नाही.

हॅम्बलकाठी

कूलंटची पातळी दोन दिवस खुणेवरच आहे, म्हणजे कॉइल शाबूत दिसते. झग्याचा पत्रा आज कापला. तळाच्या वेल्डला लागून हाताच्या बोटाचे टोक बसेल एवढे दोन खड्डे आहेत. त्यांपैकी एकावर ब्रश फिरवताच ओल डोकावली. मेकॅनिकचा सल्ला शेवटी बरोबर ठरला, पण त्याने कारण सांगितले असते तर बरे झाले असते, कारण झाकणाची पट्टी तशीच ठेवून मी नवी टाकी त्याच धारेखाली बसवली असती. पट्टी बदलली आहे. नवी टाकी तळापासून दोन इंच उंच लाकडी ओट्यावर बसवणार आहे, आणि ती येईपर्यंत कप्प्याखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरून ठेवले आहे. काल रात्री पाऊस पडला, पण सकाळी कागद कोरडाच होता.